मुकर्रमचं अंजीर

१८ नोव्हेंबर

आज अंजीर निजवलं. गल्लीत सगळे 'पुरलं' म्हणतात, पण यंदा तो शब्द माझ्या तोंडून निघेना. जुलैत मुकर्रमला मातीआड करून आलो, त्यानंतर पुन्हा कुदळ हातात धरायची ही पहिलीच वेळ होती.

ती असताना हे सगळं तिच्या हुकमाने चालायचं. मी खोदायचो आणि ती सांगेल तिथे उभा राहायचो. लग्न होऊन ती देनावहून इकडे मर्गिलानला आली, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून तिने ही एवढीशी काडी सोबत आणली होती. तिच्या माहेरी, तिकडे दक्षिणेत, अंजीर हिवाळाभर अंगणात उघडं उभं असतं. इथे तसं ठेवलं तर वसंतापर्यंत त्याचं सरपण होतं. म्हणून पानं झडली की फांद्या एकत्र बांधायच्या, हळूहळू जमिनीवर आडव्या करायच्या, वर बोरूच्या चटया आणि मक्याची ताटं घालायची आणि त्यावर भरपूर माती. वसंतात नवरोजचा सण झाला की उघडायचं.

मदतीला गल्लीतली माणसं आली, चहा प्यायली आणि प्रत्येकाने वाकवायची वेगळी दिशा सांगितली. मी आयुष्यभर चौकात उभा राहून वाहनांना दिशा दाखवली आहे, एका झुडपाला दाखवायला मला कोणाचा सल्ला कशाला? मी म्हटलं, पश्चिमेला, भिंतीच्या आडोशाला. वाकवलं आणि कडकन आवाज झाला. शेजारच्या रोहत आपाचं डोकं लगेच भिंतीवर आलं. ही म्हातारी मुकर्रमची जिवाभावाची मैत्रीण, आणि माझी कायमची परीक्षक.

"तोलिब, ते पूर्वेला निजतं," ती म्हणाली. "माणूससुद्धा रोजची कूस बदलली की कुरकुरतो."

मग पूर्वेला निजवलं. तडकलेली फांदी मुकर्रमच्या जुन्या सुती रुमालाने घट्ट बांधली. रुमाल काढायला कपाट उघडलं तेव्हा हात थोडा वेळ तिथेच थांबला, तेही लिहून ठेवतो. शेवटी रोहत आपा स्वतः भिंतीला वळसा घालून आली आणि तिने बोरूची एक पोकळ जुडी ढिगाऱ्यात उभी खोचली, झुडपाला श्वास घ्यायला. मला ते माहीत होतंच. फक्त ऐन वेळी आठवलं नव्हतं.

सूनबाई दारात उभी राहून बघत होती. ताज्या मातीचा वास किती छान येतोय, म्हणाली. तीही देनावचीच, मुकर्रमनेच शोधून आणलेली, त्यामुळे अंजीर पुरतात हे तिला नवल.

हे लिहायचं कारण असं की रोज जेवण झाल्यावर मी मुकर्रमला दिवसभराचं सांगायचो. आता वहीला सांगतो. जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "अंजीर सांभाळा आणि झरनिगारला सांभाळा. दोघंही माझ्या माहेरची आहेत, इथली थंडी त्यांना ठाऊक नाही." सूनबाईचं काही अवघड नाही. ती पहाटे उठते, अंगण झाडते, हसतमुख असते. काळजी आहे ती अंजिराची. ते गेलं तर मुकर्रमला काय तोंड दाखवू?

३ डिसेंबर

आज माझा अपमान झाला. गुरुवारचा पुलाव मी स्वतः करतो, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. कढईत मेंढीच्या शेपटीची चरबी टाकली, ती छान वितळायला लागली, आणि सूनबाई ओढणी नाकाला लावून बाहेर पळाली. जेवायलाही बसली नाही. मुकर्रमने एवढ्या वर्षांत माझ्या पुलावाला एकदाही नाक मुरडलं नाही.

इल्हामला विचारलं, तर चिरंजीव म्हणतात, "बाबा, तिला सध्या चरबी नको आहे."

सध्या? चरबी काय हंगामी असते?

नंतर बघितलं तर सूनबाई अंजिराच्या ढिगाऱ्यापाशी एकटीच उभी. पाऊस भुरभुरत होता आणि ती डोळे मिटून जोरजोरात श्वास घेत होती. मला वाईट वाटलं. पोरीला माहेरची आठवण येत असणार. इल्हामला सांगितलं, तिच्या आईला फोन लावून दे. तो म्हणाला, रोज दोनदा लावते. मग आणखी काय करायचं असतं ते मला कळेना.

११ डिसेंबर

गुन्हा घडला आहे. ढिगाऱ्याचा दाराकडचा कोपरा कोणीतरी उकरला. ओंजळभर नव्हे, चांगली टोपलीभर माती गायब आहे, आणि आसपास सांडलेली नाही. म्हणजे नेली. चटईचं टोक दिसायला लागलंय.

संशय रोहत आपाच्या टर्कीवर. तो नर आमच्या अंगणात स्वतःच्या मालकीचं असल्यासारखा फिरतो आणि मला बघून मान फुगवतो. मी जाऊन तक्रार केली. रोहत आपाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला आत नेऊन पातेल्यावरचं झाकण काढून दाखवलं. आरोपी परवाच शिजला होता.

"माती कोण नेतं हे तुला खरंच कळत नाही?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तपास चालू आहे. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. वय झालं की माणूस कशालाही हसतो.

कोपरा पुन्हा बुजवला.

१६ डिसेंबर

कोपरा पुन्हा उकरला. पण या वेळी मी तयार होतो. काल संध्याकाळी ढिगाऱ्याभोवती चुलीतली राख चाळून पसरली होती, आणि आज पहाटेच्या नमाजानंतर पाहिलं तर राखेत ठसे स्पष्ट. रबरी जोड्यांचे, लहान मापाचे, टाचेला फुलाची नक्षी. दाराशी जाऊन जुळवून बघितले. सूनबाईचे जोडे!

म्हणजे चोर आमच्याच दारातले जोडे घालतो, माग लागू नये म्हणून. कसलेला दिसतो. पण पाय लहान असलेला माणूस शोधायचा म्हणजे निम्मी गल्ली बाद झाली.

इल्हामला सगळं समजावून सांगितलं. तो लालबुंद झाला, खोकला आणि म्हणाला, "बाबा, मी माती आणून टाकतो ना, तुम्ही कशाला थंडीत?" पोराला भीती वाटली असावी. नोकरीत असताना माझ्यापुढे भलेभले असेच लाल व्हायचे.

इल्हामचंही काही खरं नाही. रोज बाजारातून काहीतरी आंबट घेऊन येतो. कोबीचं लोणचं, आंबट डाळिंबं, वाळलेले आलुबुखार. घरात शिरलं की व्हिनेगरचा वास येतो. बायकोने म्हणावं आणि याने धावावं. मी असा नव्हतो, असं मला तरी वाटतं.

१४ जानेवारी

आज सकाळी नळ गोठला. दुपारी रेडिओवर सांगितलं की खरी थंडी अजून यायची आहे, पुढचे काही दिवस कुणी रोपं उघडी ठेवू नका. मी बाहेर जाऊन बघतो तर तो कोपरा पुन्हा खरवडलेला. तडकलेली फांदी नेमकी त्याच बाजूला आहे.

जमीन दगडासारखी झालेली, नवी माती कुठून आणणार? जी मिळाली ती सगळी उरलेल्या ढिगाऱ्यावर ओढली, पायांनी दाबली आणि बोरूच्या जुडीच्या तोंडात चिंध्या कोंबून थंडीची वाट बंद केली. कोपऱ्यासाठी माती पुरलीच नाही, म्हणून माझा नोकरीतला जाड ओव्हरकोट आणून तिथे पसरला. तो कोट अंगात असताना मंत्र्यांच्या गाड्या थांबवल्या आहेत. आता झुडपाच्या अंगावर.

तेवढ्यात सूनबाई बाहेर आली, हातात रजई. लग्नात आणलेली, रेशमी पट्ट्यांची, रजयांच्या चळतीतली सगळ्यात वरची, पाहुण्यांनासुद्धा न देण्याची. मी नको म्हणायच्या आत तिने ती कोटावर अंथरली आणि गुडघ्यांवर बसून चारी बाजूंनी खोचली, लहान मुलाला खोचतात तशी.

मग एकदम रडायला लागली. "बाबा, आईंचं अंजीर मेलं तर ते माझ्यामुळे."

"वेडी आहेस का? थंडी काय तू आणलीस?"

यावर ती रडता रडता हसली. तिचा चेहरा जरा भरलाय, हे मला तेव्हा दिसलं. पुलाव खात नसली तरी माझं बाकीचं रांधणं अंगी लागतंय, बरं वाटलं. तिला म्हटलं, आत जा, हात गार पडलेत. आणि मी बाहेर तसाच उभा राहिलो. मुकर्रम असती तर तिने मला काहीतरी करायला सांगितलं असतं. नुसतं उभं राहणं फार जड जातं.

९ फेब्रुवारी

थंडी सरली. कोट आणि रजई काढली, उन्हात टाकली. मला कोपरा आता एकदाचा बुजवून टाकायचा होता, माती मऊ झालीय. फावडं घेतलं तर सूनबाई दारातून धावत आली.

"बाबा, तो कोपरा तेवढा राहू द्या ना."

मी विचारलं का, तर मान खाली, गाल लाल. या घरात आल्यापासून पोरीने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. आणि मागितलं ते हे. मनात धाकधूक होती, पण मुकर्रमने अंजिराबरोबर हिचंही नाव घेतलं होतं ना. फावडं ठेवून दिलं. चटई दिसते तिथे वरून फक्त एक फळी आडवी लावली, पाऊस आत जाऊ नये इतकी.

रोहत आपा लेकीकडे अंदिजानला गेली आहे, महिना-दीड महिना नाही. भिंतीवर डोकं दिसत नाही तर करमत नाही. तिला हे कळवू नये.

२२ मार्च

नवरोज झाला. चहाच्या दुकानात आज माझी फार सरबराई झाली. मी बसलो तसे सगळे उठून हात मिळवायला आले. "मुबारक, तोलिब अका, ऐकलं आम्ही." मी म्हटलं, अजून उघडलं नाही, आधीच मुबारक कशाला? एका कोपऱ्याची मला अजून भीती वाटते. त्यावर सगळे इतके हसले की दुकानदाराच्या हातची किटली हिंदकळली. एकाने तर डोळे पुसले. म्हणाला, तुमच्यासारखा सासरा सगळ्यांना मिळो.

मुकर्रमच्या अंजिराचं लोकांना इतकं कौतुक असेल असं वाटलं नव्हतं. घरी येऊन सांगितलं तर इल्हाम खोकायला लागला. त्याला डॉक्टरला दाखवलं पाहिजे.

२७ मार्च

सकाळपासून आभाळ होतं. उघडायला असाच दिवस लागतो, नाहीतर एकदम ऊन लागून साली भाजतात. मी एकट्याने सुरुवात केली. माती बाजूला केली, ताटं काढली, पहिली चटई उचलली आणि आंबूस, कुबट वास नाकात गेला. पांढरी बुरशी. फांद्या काळ्या, ओल्या. बोटाने दाबल्या तर दबतात. दुसरी चटई उचलली, तेच. मी तिथेच मातीत बसलो. मुकर्रमची काडी, एवढ्या वर्षांची, आणि मी तिला एक हिवाळा पुरलो नाही.

रोहत आपा कधी आली कळलं नाही. अंदिजानहून कालच परतली होती. तिने बोरूची जुडी उपटून हातात घेतली आणि तोंडातल्या चिंध्या ओढून काढल्या.

"वाट कोणी बुजवली?"

"मी. थंडी आत जात होती."

"थंडी गेल्यावर उघडली नाहीस?"

थंडीने नव्हे, मी जपून जपून कोंडून मारलं होतं त्याला.

ती एकेक फांदी नखाने खरवडत पुढे सरकत गेली. ही गेली. ही पण गेली. मग फळीपाशी पोचली, फळी बाजूला केली आणि थांबली. त्या कोपऱ्याकडच्या फांद्यांना बुरशीचा ठिपका नव्हता. रुमाल बांधलेली फांदी तिने खरवडली आणि आतून ओला हिरवा रंग निघाला. पुढची हिरवी. तिच्यापुढचीही. ज्या कोपऱ्यासाठी मी हिवाळाभर झुरलो तिथूनच वारा आत गेला होता.

"पोरीने वाचवलं तुझं झुडूप," रोहत आपा म्हणाली. "खाता खाता."

"काय खाता खाता?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चौकात चुकीच्या बाजूने शिरलो होतो. "तोलिब, इल्हामच्या वेळी मुकर्रम काय खात होती?"

तंदूरची माती. लिंपलेल्या तंदूरच्या काठाची, भाजलेली माती. गावाबाहेरच्या एका तंदूरवाल्याकडून मी ती आणायचो, नोकरीच्या टोपीत लपवून, कोणी बघू नये म्हणून. रोज. आणि चरबीच्या वासाने ती बाहेर पळायची, आणि मी आंबट आलुबुखार शोधत बाजारभर हिंडायचो. हे सगळं मला माहीत होतं. मला सगळंच माहीत होतं.

मी मान वळवून दाराकडे पाहिलं. सूनबाई तिथे उभी होती, घेरदार झग्यात, दोन्ही हात पोटावर ठेवून. माझी नजर गेली तशी आत पळाली. रोहत आपाला विचारलं, गल्लीत कोणाकोणाला माहीत आहे? ती म्हणाली, तू सोडून सगळ्यांना. टर्कीलासुद्धा माहीत होतं.

सासऱ्याने सुनेशी असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, इथली तशी रीत नाही. पण गप्प तरी कसं राहायचं? ढिगाऱ्याच्या आतल्या बाजूचं एक स्वच्छ, कोरडं ढेकूळ निवडलं, बशीत ठेवलं, वर धुतलेला रुमाल झाकला आणि त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आलो. येताना माझे पाय वाजले नाहीत असं वाटतं.

संध्याकाळी इल्हाम बशी परत घेऊन आला. ढेकूळ तसंच होतं.

"बाबा, आता तिला माती नको," तो म्हणाला. या वेळी खोकला नाही. "आता तिला कच्चे जर्दाळू हवेत."

आमच्या जर्दाळूला आत्ता कुठे फुलं आली आहेत. उद्यापासून रोज सकाळी जाऊन त्याला घाई करायला सांगावं लागणार.

१२ जुलै

बरेच दिवस लिहिलं नाही, फुरसत नव्हती. मुलगी झाली. इवलीशी आहे, पण आवाज असा आहे की माझी शिट्टी फिकी पडावी. इल्हाम म्हणतो, नाव मुकर्रम ठेवू. मी म्हटलं नको. त्या नावाने हाक मारली की मला अजून आतल्या खोलीतून उत्तराची वाट बघायची सवय आहे, आणि या पोरीवर ओरडायची वेळ आली तर मला ओरडताही येणार नाही. पण सूनबाई पाळण्यापाशी हळूच कोणत्या नावाने गुणगुणते ते मला ऐकू येतं. बरं आहे. ओरडायचं काम इल्हामकडे देऊ.

चाळीस दिवस बाळ-बाळंतिणीला बाहेरचं वारं लागू द्यायचं नाही, हे काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. दाराशी खुर्ची टाकून बसलो, येणाऱ्या प्रत्येकाला ओसरीवरच अडवलं, खिडक्या लावून घेतल्या, दाराखालच्या फटीत चिंध्या भरल्या. आज रोहत आपा गरम नान घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"आत बाळ आहे की तंदूर?" तिने विचारलं. नंतर तिने फक्त दाराखालच्या चिंध्यांकडे बघितलं.

मीही बघितलं. मग वाकून त्या चिंध्या स्वतःच ओढून काढल्या.

मेलेल्या फांद्या मार्चमध्येच कापल्या होत्या. बुंध्यातून नवे धुमारे आले आहेत, चांगले कमरेएवढे, पण पहिल्या बहराची फळं फक्त जुन्या फांदीवर येतात. आज सकाळी रुमालाच्या गाठीच्या वरच्या अंगाला एक पिकलेलं मिळालं, देठाशी चिरलेलं, बोटाला चिकटणारं. बशीत घातलं, रुमाल झाकला आणि उंबऱ्यावर ठेवलं. या वेळी बशी रिकामी परत आली, चाटून पुसून.

मुकर्रम, तू दोघांना सांभाळायला सांगितलं होतंस. त्यातल्या एकाकडे मी हिवाळाभर डोळ्यांत तेल घालून बघत बसलो, आणि त्याला दुसरीने जगवलं. आता तिघं झाली आहेत. पाळण्याकडची खिडकी वीतभर उघडी ठेवली आहे.